वैशाखात उतरणारी हत्तीण

आमच्या गोठ्यामागे तीन-चार बाभळी आहेत. मुळशीत आमच्या बाजूला पाऊस असा की छपराचं गवत कुजतं. तिथे बाभळीनं तग धरावा हेच नवल. घरी आलेले पाहुणे विचारतात, ही काटेरी झाडं इथे कुणी लावली? मी म्हणते, हत्तिणीनं. पाहुणे हसतात आणि मला राग येतो. थाप मारली असती तर त्यांनी मान डोलावली असती. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते. मग ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

हत्तीण एका गोसाव्याची होती. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील, मी लग्न होऊन नुकतीच घाट चढून आले होते. माझं माहेर घाटाखाली, कोकणात. पावसाळाभर गोसावीबुवा आणि हत्तीण तिकडेच खाली एका मठाच्या आवारात असत. कार्तिकात वाटा वाळल्या की ती ताम्हिणीच्या घाटानं वर यायची, आमच्या वस्तीवर मुक्काम करायची. मग पौड, कोळवणचं खोरं, रिहे असं करत हिंजवडीच्या माळावर आणि तिथून पुढे देशावर जायची. वैशाखात त्याच वाटेनं परत फिरून घाट उतरायची. देशावर खाल्लेल्या बाभळीच्या शेंगा तिच्या पोटातून आमच्या गोठ्यामागे पडल्या, शेणाबरोबर रुजल्या आणि झाडं झाली. एवढीच ती गोष्ट. यात हसण्यासारखं काय आहे?

बुवा बोलघेवडा माणूस. भगवी कफनी, गळ्यात माळांचा ढीग, आणि तोंडाला उसंत म्हणून नाही. हत्तिणीच्या मानेवर बसून तो गावात शिरायचा तेव्हा अंकुश असा उगारलेला असायचा की जणू त्याच्या हुकमाशिवाय ती शेपूट हलवत नाही. खरा कारभार वेगळा होता. वाट ती ठरवायची, मुक्काम ती ठरवायची, आणि बुवा तिनं ठरवलेलं मोठ्या आवाजात जाहीर करायचा. एकदा आमच्या वस्तीवर न थांबता थेट पौड गाठायचं त्यानं ठरवलं. हत्तीण गोठ्यामागे आली आणि खुंटा मारल्यासारखी उभी राहिली. बुवानं शिव्या दिल्या, हातापाया पडला. शेवटी खाली उतरून आम्हाला म्हणाला, "म्या म्हनलं, आज हितंच टेकावं." माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. बुवानंही हसून घेतलं.

तिचं चालणं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली घागर तशीच राहिली. एवढं मोठं धूड, पण पावलाचा आवाज नाही. आमच्या दारची म्हैस चार पावलं टाकते तर अंगण दणाणतं. ही मात्र पाठीमागे येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही. पुढचा पाय जिथून उचलला, नेमका तिथेच मागचा पाय टेकायचा. जमीन भुसभुशीत वाटली तर आधी सोंडेनं हुंगायची, मग पायाचा पुढचा भाग हळूच दाबून बघायची आणि मगच भार टाकायची. घाटाच्या उतरणीवर मागचे पाय मुडपून जवळजवळ बसल्यासारखी उतरायची. मी पाटा-वरवंटा सोडून तिला बघत बसायची. शेजारणी म्हणत, कोकणीला हत्तीचं वेड लागलंय. लागलं होतंच.

बुवा सांगायचा की हत्तीण रानात जन्मलेली. दक्षिणेकडच्या जंगलात आईच्या मागोमाग चालताना खड्ड्यात पडली आणि माणसांच्या हाती लागली. बुवाच्या गुरूनं ती पोरवयात मिळवली. गुरू गेल्यावर ती बुवाकडे आली. "रानात म्हातारी हत्तीण म्होरं आसती," बुवा म्हणायचा. "उन्हाळ्यात पानी कुटं, पावसात बांबू कुटला कवळा, समदं तिच्या डोक्यात. बाकीचा कळप मागनं. पोरी चालून चालून शिकत्यात." पुढे वाचनातही तसंच आलं, की हत्तींचा एकेक कळप तालुकाभर मुलूख आपला मानतो आणि ऋतूप्रमाणे त्यात ठरलेल्या वाटांनी फिरत राहतो. आमच्या हत्तिणीचं रान सुटलं होतं, कळपही सुटला होता. पण घाटावरचा आणि घाटाखालचा एवढा मुलूख तिनं भिक्षेकऱ्याच्या फेरीतून आपला करून घेतला. कुठल्या ओढ्याला वैशाखातही पाणी असतं, कुठल्या वडाची पारंबी कोवळी, कुठल्या घरची बाई नाचणीच्या भाकरीवर गूळ ठेवते, सगळं तिला ठाऊक. याचं मला तेव्हाही कौतुक वाटायचं आणि आज जास्तच वाटतं.

माझा तिच्यावर जीव होता त्याला आणखी एक कारण होतं. ती माझ्या माहेरच्या अंगणातूनही जायची. कार्तिकात वर आली की बुवा निरोप सांगायचा, तुजी आई बरी हाय, गाय व्याली, भावाला पोरगा झाला. वैशाखात खाली निघाली की मी निरोप द्यायची, आईला सांगा, बरी हाय. यापलीकडे निरोप नव्हता, कारण जायला मिळत नव्हतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. घरात चूल पेटवणारी मी एकटी. पहिल्या बाळंतपणालाही माहेरी गेले नाही. दिवस भरले ते ऐन आषाढात, आणि घाट धुक्यापावसानं बंद. माझी लेक वर्षाची होत आली तरी तिच्या आजीनं तिला पाहिलं नव्हतं. याबद्दल मी कुणाकडे कधी तोंड उघडलं नाही. उघडायची रीत नव्हती.

आता माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरी त्यांची आहे. मी त्यांना मामंजी म्हणायची. अंगानं काटक, बोलायला तोडून टाकणारे. त्यांचं मूळ गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. धरण झालं तेव्हा ते पंचविशीचे असतील. गावातली घरं वर डोंगराच्या कुशीला येऊन नव्यानं बसली, तीच आमची वस्ती. माणसं आली, गुरं आली, वासे-तुळया आल्या. देवी तेवढी खाली राहिली.

देवी म्हणजे वाघजाईचा तांदळा, न घडवलेला गोल दगड. मामंजींच्या घराण्याकडे तिची पूजा होती. आमच्याकडे देवाला जागचा हलवायचा तर त्याला विचारावं लागतं. दगडाच्या दोन्ही खांद्यांना ओलं करून एकेक फूल चिकटवायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवं फूल पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. याला कौल म्हणतात. पाणी चढू लागलं तेव्हा मामंजींनी कौल लावला, आई, आमच्यासंगं वर येतीस का? दोन्ही फुलं तशीच राहिली. उजवं पडेना, डावं पडेना. पाणी देवळाच्या उंबऱ्यावरून आत आलं, त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं, तरी ते फुलांकडे बघत बसलेले. शेवटी भावकीनं दंडाला धरून बाहेर ओढलं.

भर पावसाळ्यात वाळतच नसलेल्या दगडाला चिकटलेलं फूल पडणार तरी कसं, असं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात आलं होतं. बोलायची माझी टाप नव्हती.

कौल अर्धाच राहिला, म्हणजे देवीनं हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. असं असताना वर दुसरी देवी बसवता येत नाही. म्हणून नव्या वस्तीत लोकांनी दगडी चौथरा बांधला आणि तो रिकामा ठेवला. तीसएक वर्षं तो रिकामाच होता. लग्नाची पहिली अक्षत तिथे, नव्या भाताची पहिली लोंबी तिथे, सांजेचा दिवाही तिथेच. आजूबाजूची गावं आम्हाला बिनदेवाची वस्ती म्हणून चिडवायची. लग्न होऊन आले तेव्हा मलाही तिथे नमस्काराला नेलं. माझ्या माहेरी पावलोपावली देव. मी इकडेतिकडे बघून नवऱ्याला हळूच विचारलं, नमस्कार कुणाला करायचा? तो म्हणाला, "जागंला." मला वाटलं, आपल्याला वेड्यांच्या घरात दिलंय.

मामंजींच्या जिवाला एकच घोर होता. मरायच्या आत आईला शोधायचं आणि राहिलेला कौल पुरा करून घ्यायचा. दर वैशाखात धरणाचं पाणी उतरायचं आणि बुडालेल्या मुलखाचा काठ उघडा पडायचा. मग सगळी वस्ती कुदळी-फावडी घेऊन खाली जायची. आणि दरवर्षी तिथे भांडणं व्हायची. देवळाशेजारी बारमाही झरा होता, त्याचं पाणी साठायची दगडी डोणी होती, डोणीच्या उजव्या हाताला देवी, याबद्दल दुमत नव्हतं. पण झरा कुठे होता? प्रत्येकाला गाव आपल्या दारातून दिसलेलं आठवत होतं. एक म्हणायचा, आमच्या दारात उभं राहिलं की डाव्या अंगाला. दुसरा म्हणायचा, छट्, आमच्या परड्याच्या मागं. ज्याची त्याची दारं तर मातीच्या थराखाली गेलेली. मग जो तो आपल्या मनातल्या दारात उभा राहायचा, हात करायचा आणि तिकडे खणायचा. निघायचं काय, तर कुणाच्या तरी गोठ्याचं जोतं. एका वर्षी दोघा चुलतभावांनी एकमेकांवर फावडी उगारली होती. मामंजी कुणाशी भांडायचे नाहीत. संध्याकाळी चिखलानं माखून परत यायचे आणि न जेवता पडून राहायचे. मी ताट झाकून ठेवायची.

मुख्य अडचण अशी की खणायचं तेही कडेकडेनंच. मधल्या सखल भागात वरून भेगाळलेली खपली आणि खाली लोण्यासारखा गाळ. एकदा एक बैल तिथे पोटापर्यंत रुतला तो निघालाच नाही. तेव्हापासून तिकडे कुणी पाऊल टाकत नव्हतं.

वस्तीच्या अलीकडे, सडकेच्या एका वळणावर, हत्तीण दर वैशाखात थांबायची. कार्तिकात चढताना नाही, फक्त उतरताना. वळणावर आली की सडक सोडून काठाशी जायची, पाण्याकडे तोंड करायची, कान पसरायची आणि सोंड उंच करून वारा हुंगत उभी राहायची. बुवा सांगायचा, ती जळदेवतेला नमस्कार करते. बायका लगेच पुढे होऊन तिच्या पायांवर हळदकुंकू वाहायच्या. मीही वाहिलं आहे. बऱ्याच वेळानं ती मान हलवायची, मागे वळायची आणि नव्या सडकेनं चालू लागायची. मला का कोण जाणे, पण ते नमस्कारासारखं कधी वाटलं नाही. माहेरून निरोप आला नाही की मी घाटाकडे अशी बघत राहायची.

आणि मग ते वर्ष आलं. आदल्या पावसानं लवकर पाठ फिरवली होती. वैशाखापर्यंत पाणी इतकं खाली गेलं की जुन्या माणसांनीही तसं पाहिलं नव्हतं. पिवळी-करडी माती लांबवर पसरली होती. पुरुष माणसं खाचरांत राब भाजत होती. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून पेटवायचं, त्याचा धूर सगळीकडे. मी लेकीला कमरेवर घेऊन न्याहारीच्या भाकऱ्या पोचवायला निघाले होते. समोरून हत्तीण आली. वर बुवा गाणं म्हणत होता.

वळणावर ती थांबली. नेहमीसारखे कान पसरले, सोंड वर केली. मग मागे वळायच्या ऐवजी तिनं पुढचा पाय काठाखाली टाकला.

बुवाचं गाणं तुटलं. "ए माय! ए, कुटं? कुटं चाललीस?" त्यानं अंकुश दाबला, टाचा मारल्या. ती मागचे पाय मुडपून घाट उतरावा तशी काठ उतरली आणि चालायला लागली, सरळ त्या मधल्या सखल भागाकडे. बुवा घाबरून ओरडू लागला. राबाच्या धुरातून माणसं धावत आली. कुणी म्हणालं, रुतणार, कुणी म्हणालं, दोर आणा, जसा काही हत्ती दोरानं निघतो. मामंजीही आले. ते ओरडले नाहीत. कपाळावर हात धरून ती कुठे पाय टाकते ते बघत राहिले.

ती घाईत नव्हती. सोंडेनं हुंगायची, पायानं दाबून बघायची, मग भार टाकायची. एकदा पाय घोट्यापर्यंत गेला तेव्हा तो काढून घेतला, थोडी डावीकडे सरकली आणि पुन्हा पुढे. गाळात ती वेडीवाकडी चालत नव्हती. एक मोठं वळण घेत चालली होती, मध्ये काही नसताना, जसं एखाद्या घराला वळसा घालून जावं.

मामंजींचा आवाज आला, अगदी बारीक. "ही तर आमची गाडीवाट."

मग आम्हाला उमगलं. गाळाखाली जुन्या गाडीवाटेचा दगडी भराव होता. तोच तिला पेलत होता. जुन्या माणसांना आता आठवलं, गाव बुडायच्या आधी, बुवाच्या गुरूबरोबर, पोरवयात ती याच वाटेनं जात-येत होती. धरण आलं, सडक वरून झाली, बुवाही नंतर आला. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं काही सोडलं नव्हतं. दर वैशाखात ती वळणावर येऊन बघत होती, वाट मोकळी झाली का.

मामंजींनी धोतर खोचलं आणि काठ उतरले. माझा नवरा ओरडला, "आबा, जाऊ नगा!" त्यांनी मागे पाहिलं नाही. हत्तिणीच्या पावलाच्या खळग्यात पाय ठेवला, मग पुढच्या खळग्यात. तिचा एकेक ठसा परातीएवढा. नवरा त्यांच्यामागे गेला, त्याच्यामागे भावकी गेली, आणि मीही लेकीला कमरेला घट्ट धरून गेले. आमची सगळी वस्ती, जी कधी एका रांगेत पंगतीलाही बसली नव्हती, ती हत्तिणीच्या पावलांत पाऊल ठेवून एकामागे एक चालली होती. मला भीती वाटली नाही. ती पुढे होती ना.

एका जागी ती थांबली. आम्हाला तिथे नुसती माती दिसत होती, इतर मातीसारखीच. तिनं जमीन हुंगली, पुढच्या पायानं खपली फोडली आणि माती मागे सारू लागली. पायानं उकरायचं, सोंडेनं ढेकळं बाजूला करायची. बुवा तिच्या मानेवर गप्प बसला होता, आयुष्यात पहिल्यांदाच. खळगा तिच्या गुडघ्याएवढा झाला. तळाशी माती काळी पडली, मग चकाकली, आणि पाणी झिरपू लागलं. आधी गढूळ आलं. तिनं ते सोंडेनं उपसून फेकलं. पुन्हा आलं ते निवळ होतं. मग ती सोंड भरभरून प्यायली. खळग्याच्या कडेला घडीव दगडाची एक धार उघडी पडली होती, डोणीची.

इतकी वर्षं हातघाईवर येणारी माणसं उभीच राहिली. दारं कुणाची बरोबर आणि कुणाची चूक हा हिशेब आता करायचा तरी कुणाशी? मामंजी डोणीपाशी गेले, पाण्याकडे तोंड करून उभे राहिले, उजव्या हाताला वळले आणि म्हणाले, "हितं. हळू खना."

देवी निघाली ती दुपारी. अंगावरचा शेंदूर पार गेलेला, नुसता काळा गोल दगड. मामंजींनी झऱ्याच्या पाण्यानं तिला अंघोळ घातली आणि स्वतःच्या मुंडाशानं पुसली. ते रडत होते, आणि आपण रडतोय हे त्यांना कळत नव्हतं. मलाही आवरेना. ज्या देवीला मी कधी पाहिलं नव्हतं तिच्यासाठी मी हुंदके देत होते, आणि लेक माझे गाल पुसत होती.

डोंगराच्या अंगावर कुडा फुलला होता. कुणीतरी धावत जाऊन ओंजळभर पांढरी फुलं आणली. पोरांना पालखी सजवायला पिटाळलं गेलं; आई वर येणार यात कुणाला शंका नव्हती. मामंजींनी दगडाचे दोन्ही खांदे ओले केले, फुलं चिकटवली आणि समोर बसले.

"आई," ते म्हणाले, "पानी आलं तवा इचारलं हुतं. तू बोलली न्हाईस. तेच परत इचारतो. आमच्यासंगं वर येतीस का?" मग जरा थांबून म्हणाले, "घाई न्हाई. मी थांबतो."

ऊन रणरणत होतं. हत्तीण अंगावर माती उडवून घेत उभी होती. माणसं चुळबुळ करू लागली. मामंजी बसले होते ते हलले नाहीत. फुलांच्या कडा वाळून मुडपल्या, आणि एक फूल सुटून खाली आलं. डावं.

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भावकीतला एक जण म्हणाला, "वाऱ्यानं पडलं. परत लावा."

मामंजी त्याच्याकडे वळले. "इचारायचं, आन् मनाजोगं आलं न्हाई की परत इचारायचं? ह्याला इचारनं म्हंत्यात व्हय?"

त्यांनी वाकून देवीला डोकं टेकवलं. बराच वेळ तसेच होते. उठले तेव्हा चेहरा असा होता की मला वाटलं, हे आता कोसळतात. पण ते म्हणाले, "तिची जागा हाय. तिला ऱ्हायाचंय. मला वाटायचं मी तिला टाकून आलो. ती ऱ्हायली हुती." मग मुंडासं खांद्यावर टाकून म्हणाले, "बरं झालं. कळलं तरी."

देवीभोवती दगड रचले, हळदकुंकू वाहिलं, आणि ऊन कलायच्या आत आम्ही त्याच पावलांवरून परत आलो. त्या संध्याकाळी मामंजींनी चौथऱ्यावर दिवा लावला तो धरणाकडे तोंड करून. मग पोटभर जेवले. दोन भाकऱ्या जास्त मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्तीण घाटाकडे निघायची होती. मी नेहमीप्रमाणे नाचणीच्या भाकरीवर गूळ ठेवून तिला भरवलं. त्या दिवशी गूळ अंमळ जास्तच ठेवला. ती गेल्यावर आत जाऊन रडायचं, हे माझं दरवर्षीचं ठरलेलं होतं. बुवाला म्हटलं, "आईला सांगा, बरी हाय."

मामंजी ओटीवर बसले होते. हे वाक्य ते दरवर्षी ऐकत असणार. ते उठले, खाली अंगणात आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. सासरा सुनेसमोर असा कधी उभा राहत नसे. मी पदर पुढे ओढला.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुला हितं आनली तवा तुला कुनी इचारलं हुतं का?"

मी मान हलवली. नाही.

"हत्तीण घाट उतरतीया. मी बी येतो संगं, पोरीला खांद्यावर घिऊन. चुलीचं आमी बगू, उपाशी काय मरत न्हाई." त्यांनी घसा खाकरला. "म्हायेरी जायाचं का हितं ऱ्हायाचं, तुजं तू सांग. ऱ्हाते म्हनलीस तरी राग न्हाई, जाते म्हनलीस तरी राग न्हाई."

बुवा मानेवर चढून बसला होता. हत्तिणीनं वाटेकडे तोंड वळवलं होतं. नवरा गोठ्याच्या दारात वैरण हातात धरून तसाच उभा राहिला होता. तेवीस-चोवीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. उत्तर कसं देतात तेच माहीत नव्हतं.

मामंजींनी ते ओळखलं असावं. ते ओटीच्या खांबाला टेकले आणि म्हणाले, "घाई न्हाई. मी थांबतो."

मी आत गेले आणि लेकीचं टोपडं शोधू लागले.